उभा फोटो

यास्मीन आतारला चिंचोळीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणलं तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते आणि तिला अंग सरळ करता येत नव्हतं. नवऱ्याने, इकबालने, तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ पांढरेफटक. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. जून तोंडावर आलेला, त्यामुळे दीड महिना रोज बारा-चौदा तास शिलाई मशीनवर वाकून तिची पाठ धरली होती, आणि पाठीसाठी ती दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या खात होती. दिवसाला तीन, कधी चार, बहुतेकदा उपाशीपोटी. हे इकबालने क्ष-किरण विभागाच्या दारातच सांगून टाकलं, कुणी विचारलेलं नसताना.

शैलजा डोईफोडेने ते ऐकलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. ती या विभागाची तंत्रज्ञ. एकोणतीस वर्षं तिने हेच काम केलं होतं. गावात तिला कुणी डोईफोडे मॅडम म्हणत नसे, फोटोवाल्या बाई म्हणत. तिने यास्मीनच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक लागलं.

गोळ्यांनी जठराला भोक पाडलं असेल तर आतली हवा बाहेर पोटाच्या पोकळीत येते. हवा हलकी. माणूस उभा असला की ती वर चढते आणि छाती-पोटामधल्या श्वासपटलाच्या घुमटाखाली काळ्या चंद्रकोरीसारखी दिसते. ती कोर दिसली की डॉक्टर पुढे काही विचारत बसत नाहीत, ऑपरेशनच्या तयारीला लागतात. पण माणूस उताणा असला तर तीच हवा पोटाच्या पुढच्या बाजूला पसरून राहते आणि फोटोत सहसा कळून येत नाही. म्हणून असा रुग्ण उभा करायचा. उभा राहत नसेल तर डाव्या कुशीवर निजवायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा, हवेला वर चढायला वेळ द्यायचा आणि मग बाजूने आडवे किरण सोडायचे. शैलजाने हे शिकताना पहिल्याच वर्षी पाठ केलं होतं आणि पुढे शेकडो वेळा स्वतःच्या हातांनी केलं होतं.

आता ते करायची सोय उरली नव्हती. आता समदर्शी होतं.

समदर्शी आलं त्याला दोन वर्षं झाली होती. छताला रुळ, रुळावर किरण सोडणारे तीन हात, खाली साधी दिसणारी पण आतून किरण टिपणारी गादी. रुग्ण कसाही आडवा पडलेला असो, हे तीन हात त्याच्याभोवती फिरून आपापल्या कोनातून नऊ सेकंदांत किरण सोडत, आणि पडद्यावर हव्या त्या स्थितीतला फोटो येई. उताणा, पालथा, उभा, तिरपा, बाजूचा. बावीस ठरलेल्या स्थिती, त्यांतली कुठलीही. रुग्णाला हलवायची गरज नाही.

एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. भिंतीवर हाताची सावली पाडताना बोटं जरा फिरवली की हरणाचा कुत्रा होतो, तसंच शरीराचं. छातीचा फोटो पाठीकडून किरण सोडून काढला तर हृदय जेवढं आहे जवळपास तेवढंच दिसतं, पुढून काढला तर तेच फुगलेलं वाटतं. म्हणून तंत्रज्ञाचं निम्मं काम कळ दाबण्याचं नसतंच. हनुवटी वर, खांदे पुढे, पाय थोडा आत, असं माणसाला ठेवण्याचं असतं. समदर्शीने हे ठेवणंच मोडीत काढलं. मिळाल्या त्या सावल्यांवरून शरीर ओळखायचं, आणि ते शरीर उभं असतं तर सावली कशी पडली असती ते काढून दाखवायचं. हाडांच्या बाबतीत ते खरोखर छान चालायचं. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांना कुशीवर करताना त्या खोलीत ज्या किंकाळ्या उठत त्या थांबल्या, आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद शैलजाला झाला होता.

दुसरंही कारण होतं. समदर्शीला शरीर ओळखायला शिकवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत तिची मुलगी मृण्मयी काम करत होती. यंत्र शिकतं ते लाखो फोटो बघून, आणि कंपनीला नीट काढलेले फोटो हवे होते. मृण्मयीनेच सुचवलं होतं की आईसारखे फोटो मराठवाड्यात कुणी काढत नाही. आरोग्य खात्याने परवानगी दिली, नावं खोडली गेली, आणि शैलजाने तीन महिने सुट्टीच्या दिवशीही बसून आपल्या हातचे एक्केचाळीस हजार फोटो निवडून दिले. हललेले, तिरपे आलेले सगळे वगळले. नवरा गेल्यानंतर एवढ्या उत्साहाने तिने काहीच केलं नव्हतं. आपलं काम आपल्यामागे राहणार, असं तिने मैत्रिणींना सांगितलंही होतं.

यास्मीनला गादीवर इकबालनेच ठेवलं आणि तो बाहेर गेला. शैलजा तिला डावीकडे वळवू लागली तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं आली की रुग्णाची हालचाल करू नये. हात आपोआप फिरले. त्यांना हाताने चालवायची कळच नव्हती. नऊ सेकंदांनी पोटाचा उभा फोटो पडद्यावर आला. स्वच्छ, सरळ, दोन्ही घुमट डौलदार, खाली कुठेही हवा नाही. कोपऱ्यात हिरवा शेरा होता, निर्दोष.

अपघात विभागात त्या दिवशी डॉ. उटगे होते. तरुण, हुशार, आणि बाहेर पन्नास माणसांची रांग. त्यांनी फोटो आपल्या पडद्यावर आधीच पाहिला होता आणि आम्लपित्ताचं इंजेक्शन लिहून टाकलं होतं. शैलजा त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. पोट कडक आहे, गोळ्या खाल्ल्यात, हे सांगितलं. उटगे म्हणाले की फोटोत हवा नाही.

“डॉक्टर, ती बाई उभी राहिलेलीच नाही. मग उभा फोटो आला कुठून?”

“मॅडम, त्याच कामासाठी तर मशीन आहे.”

“हाड उभं केलं काय, आडवं केलं काय, हाडच राहतं. हवा हलते. तिला हलू दिल्याशिवाय ती कुठे गेली असती ते मशीनला काय माहीत?”

उटगेंनी मान वर केली, क्षणभर विचारही केला असावा. मग ते म्हणाले की मशीनच्या विरोधात जाऊन पन्नास किलोमीटरवर जिल्ह्याला रुग्ण पाठवायचा तर कारण लिहावं लागतं, आणि ‘तंत्रज्ञांना वाटतं’ हे कारण होत नाही.

बाळंतपणाच्या वॉर्डामागच्या कोठीत एक जुनं चाकांवरचं एक्स-रे मशीन पडून होतं. ते काढायला अधीक्षकांची परवानगी लागे. शैलजाने डॉ. बिडकरांना फोन लावला. ते जिल्ह्याला बैठकीत होते. एकदा फोटो निघाला असताना दुसऱ्यांदा किरण का द्यायचे, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. पुढे म्हणाले, मागच्या महिन्यात समदर्शीच्या कामात हस्तक्षेप केल्याच्या तीन नोंदी तुमच्या नावावर आहेत, चौथी नको. फोन बंद झाला.

कोठीची किल्ली कुठे असते ते शैलजाला माहीत होतं. ते मशीन ओढत आणायला पाच मिनिटं लागली असती. यास्मीनला डाव्या कुशीवर धरून ठेवायला दहा. ती दारात उभी राहिली, रांगेकडे पाहिलं, आणि पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं.

यास्मीन संध्याकाळी वॉर्डात कोसळली. रुग्णवाहिका जिल्ह्याच्या वाटेवर असतानाच तिचा रक्तदाब लागेनासा झाला. तिथे पोट उघडलं तेव्हा जठराला वाटाण्याएवढं भोक होतं आणि पोटभर पू झाला होता. पहाटे ती गेली. अडतीस वर्षांची होती.

शैलजाला हे दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर कळलं. तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि समदर्शीच्या गादीवर दोन्ही मुठी आपटल्या. गादी मऊ होती, आवाजही झाला नाही. त्याने ती आणखी चिडली.

आठ दिवसांनी तिला नोटीस आली. मृत रुग्णाचा उभ्या स्थितीतला फोटो घेताना तिला पुरेसा वेळ उभं न ठेवल्याने पोटातली हवा दिसू शकली नाही, हा तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा का समजू नये, असा खुलासा मागवला होता. शैलजाने ती दोनदा वाचली. ज्या बाईला उभंच केलं नव्हतं, तिला कमी वेळ उभं केल्याचा आरोप होता.

चौकशीला जिल्ह्याहून तीन जण आले. अध्यक्ष होत्या डॉ. गोजमगुंडे, जिल्हा रुग्णालयातल्या शल्यचिकित्सक. त्यांनीच यास्मीनचं पोट उघडलं होतं. कंपनीतर्फे चंद्रात्रे नावाचे गृहस्थ होते, मृदू बोलणारे, पांढऱ्या शर्टातले. त्यांनी सांगितलं की समदर्शी रुग्णाला उभं करूनही फोटो काढतं आणि आडवं ठेवूनही. या फोटोच्या नोंदीत स्थितीच्या रकान्यात ‘उभी’ लिहिलंय आणि डोईफोडे मॅडमच्या ओळखक्रमांकाने ते मान्य झालंय. शैलजा म्हणाली की तो रकाना मशीन आपोआप भरतं. मूळ सावल्या काढा, त्यात ती झोपलेली दिसेल. चंद्रात्रे म्हणाले की मूळ सावल्या साठवल्या जात नाहीत, फार जागा लागते.

डॉ. उटगेंना विचारलं तर ते म्हणाले की रुग्ण क्ष-किरण खोलीत कोणत्या स्थितीत होता हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी तिला कुठल्याच स्थितीत पाहिलं नव्हतं.

“मग हे काय आहे?” डॉ. बिडकरांनी विचारलं आणि भिंतीवरचा फोटो मोठा केला.

उजव्या कडेला, बरगड्यांच्या बाहेर, दोन पांढरी चिन्हं होती. वर उजवी बाजू दाखवणारा आर, आणि त्याखाली एस आणि डी. डीचं पोट अर्धवट तुटलेलं.

शैलजा उठून भिंतीजवळ गेली. ही तिचीच अक्षरं होती. शिशाची. फोटोत बाजू चुकू नये म्हणून तंत्रज्ञ प्लेटवर अशी अक्षरं ठेवतो आणि त्यांत स्वतःची आद्याक्षरंही असतात; एका परीने ती त्याची सही. तिची अक्षरं पंधरा वर्षांपूर्वी ट्रॉलीच्या चाकाखाली येऊन डी तुटला होता, पण तिने बदलली नव्हती. समदर्शी आल्यापासून ती वापरायचा प्रश्नच उरला नाही. ती घरी, कपाटातल्या डब्यात, नवऱ्याच्या घड्याळाशेजारी पडून होती.

“हे तुमचंच चिन्ह ना?” अध्यक्षांनी विचारलं.

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? दोन वर्षांत शेकडो उभे फोटो आले होते, पण कुठेही हे तिच्या नजरेला पडलं नव्हतं, कारण कडेच्या पट्टीकडे बघायचं तिने सोडून दिलं होतं. तिने सांगायचा प्रयत्न केला की अक्षरं घरी आहेत, त्या दिवशीही घरीच होती. ते ऐकताना समितीच्या चेहऱ्यांवर जो अवघडलेपणा आला तो तिने ओळखला. खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसापुढे लोक असेच अवघडतात. पंधरा दिवसांची मुदत देऊन समिती उठली.

घरी येऊन तिने मृण्मयीला फोन केला आणि एवढंच सांगितलं की ये. मृण्मयी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. शैलजाने डबा तिच्यापुढे ठेवला, शेजारी फोटोची प्रत ठेवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा मुलीचा चेहरा उतरलेला होता.

तिला समजायला वेळ लागला नव्हता. शैलजाने निवडून दिलेल्या उत्तम उभ्या फोटोंत उजव्या कडेला ही अक्षरं होतीच. यंत्राने हजारदा ती पाहिली. त्याच्या लेखी चांगला उभा फोटो म्हणजे सरळ कणा, डौलदार घुमट आणि कडेला तुटका डी. यास्मीनचा उभा फोटो काढायची वेळ आली तेव्हा त्याने जसे घुमट काढले तशीच अक्षरंही काढली. घुमटाखालची जागा स्वच्छ काढली, कारण निवडून दिलेल्या बहुतेक फोटोंत ती स्वच्छच होती.

“म्हणजे त्याने तिच्या पोटात पाहिलंच नाही,” शैलजा म्हणाली.

मृण्मयी सांगू लागली की पाहिलं, पण उताण्या माणसात त्या जागेची माहिती कमी मिळते, तिथे यंत्र अंदाज करतं. प्रत्येक ठिपक्यासोबत यंत्र एक आकडा ठेवतं, हा ठिपका किती पाहिला आणि किती अंदाजाने भरला त्याचा. त्याचा वेगळा थर फाइलमध्ये असतो. पहिल्या आवृत्तीत तो पडद्यावर तांबडा दिसायचा. डॉक्टर तांबडं बघून घाबरायचे, रुग्ण पुढे पाठवायचे, खर्च वाढायचा. म्हणून तो झाकला.

“कुणी झाकला?”

मृण्मयीने फोटोची प्रत पालथी ठेवली. मग म्हणाली की बैठकीत ठरलं होतं. ती त्या बैठकीत होती. ती विरोधात बोलली होती, एकदा.

“एकदा,” शैलजा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “तू माझ्याकडून माझं काम नेलंस. त्याचं हे केलंस. एका बाईच्या पोटातली हवा पुसलीस आणि त्याच्यावर माझी सही मारलीस.”

“आई, मी पुसली नाही.”

“मग कुणी? त्या गादीने?”

मृण्मयी रडू लागली. शैलजाने तिला जवळ घेतलं नाही. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. जो राग बिडकरांवर होता, चंद्रात्रेंवर होता, तो सगळा या एका रडणाऱ्या मुलीवर येऊन बसला होता, आणि त्यातला अर्धा खरं म्हणजे स्वतःवरचा आहे हे शैलजाला ठाऊक होतं. कोठीच्या किल्लीची जागा तिला माहीत होती. तिनेही एकदाच विरोध केला होता.

शेवटी तिने विचारलं की तो थर उघडता येईल का. मृण्मयी म्हणाली, येईल, पण तो कंपनीबाहेर दाखवला तर नोकरी जाईल, वर खटला होईल. तसा करार आहे. शैलजा भाकऱ्या करायला गेली. दोघी समोरासमोर बसून न बोलता जेवल्या आणि मृण्मयी संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

दुसऱ्या सुनावणीला शैलजा एकटीच गेली होती. डबा सोबत नेला होता, तो उघडून दाखवायचा एवढंच तिच्या हातात होतं. समिती बसून दहा मिनिटं झाली असतील, तोच मृण्मयी आत आली. तिने आईकडे पाहिलंच नाही. अध्यक्षांना नाव सांगितलं, पद सांगितलं, आणि परवानगी असेल तर मृत रुग्णाचा फोटो पूर्ण उघडून दाखवते म्हणाली. चंद्रात्रे उठून उभे राहिले. ही गोपनीय माहिती आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. गोजमगुंडे बाई म्हणाल्या, “ज्या बाईच्या पोटातला पू मी काढलाय, तिच्या पोटात माझ्यापासून गोपनीय काय असणार? दाखवू द्या.”

भिंतीवर यास्मीनचा उभा फोटो आला. मृण्मयीने एक कळ दाबली. कणा, कटी, बरगड्या पांढऱ्या राहिल्या. दोन्ही घुमट आणि त्यांच्याखालची सगळी जागा तांबडी झाली. कडेचे आर, एस आणि तुटका डीसुद्धा तांबडे.

“तांबडं ते पाहिलेलं नाही,” मृण्मयी म्हणाली. “ते यंत्राने माझ्या आईच्या फोटोंवरून काढलंय. रुग्ण उभी असती तर इथे एवढं तांबडं आलं नसतं.”

डॉ. उटगे मागच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि तो परत लावलाच नाही.

निकाल महिन्याने आला. शैलजावरचा निष्काळजीपणाचा ठपका काढला होता. मात्र तिने आक्षेप लेखी न नोंदवल्याबद्दल समज दिली होती. रुग्णाच्या मृत्यूचं कारण ‘तांत्रिक संदिग्धता’ असं नमूद होतं. गोजमगुंडे बाईंनी आपलं वेगळं मत जोडलं होतं की अंदाजाचा थर उघडा केल्याशिवाय हे यंत्र पोटासाठी वापरू नये. त्याखाली ‘शासनाच्या विचारार्थ’ असा शिक्का होता. कंपनीने सुधारणा म्हणून फोटोच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ टाकली, प्रस्तुत चित्र संगणकीय आहे. समदर्शी चालू राहिलं. मृण्मयीची नोकरी गेली होती आणि वकिलाची नोटीस आली होती. ती बॅगा घेऊन चिंचोळीला आली, तेव्हा शैलजाने तिच्या हातातून बॅग घेतली आणि आत नेऊन ठेवली. तेवढ्यावर दोघींचं भागलं.

त्याच आठवड्यात त्या दोघी इकबालकडे गेल्या. जावं हे शैलजाने ठरवलं होतं. मृण्मयीला तिने बोलावलं नव्हतं, ती आपणहून चपला घालून निघाली. इकबाल बसस्टँडमागे अत्तराचं आणि सुरम्याचं छोटं दुकान चालवायचा. त्याने दोघींना दुकानातल्या बाकावर बसवलं, चहा सांगितला. मागच्या भिंतीला शिलाई मशीन चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं.

शैलजाने सगळं सांगितलं. फोटोचं, अक्षरांचं, थराचं. मग जे समितीने विचारलं नव्हतं तेही सांगितलं. “मला त्याच दिवशी कळलं होतं, भाऊ. तिच्या पोटाला हात लावला तेव्हाच. जुनं मशीन कुठे आहे ते माहीत होतं. मी ते आणलं नाही. नोकरीला घाबरले.”

इकबालने समोरची अत्तराची बाटली उचलून फळीवर ठेवली. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “बाई, तुम्ही आलात आणि सांगितलंत. बाकी कुणी दारात नाही आलं. पण मी माफ केलं असं माझ्याकडून म्हणवून घेऊ नका. मला जमणार नाही.”

“मी ते मागायला आले नाही,” शैलजा म्हणाली.

चहा आला. तो तसाच राहिला. मग इकबालने मृण्मयीला विचारलं की तो फोटो आता कुठे आहे. त्याला तो काढून टाकायचा होता. बायकोच्या शरीराचं खोटं चित्र कुठल्या तरी यंत्रात पडून राहावं हे त्याला सोसत नव्हतं.

मृण्मयीने आईकडे पाहिलं, आणि मग खरं सांगितलं. समदर्शी दर तीन महिन्यांनी नव्याने शिकतं. राज्यभरातून ‘निर्दोष’ शेऱ्याचे फोटो आपोआप परत त्याच्याकडे जातात. यास्मीनच्या फोटोवर तो शेरा होता आणि कुणी तो बदलायच्या आत जुलैची शिकवणी होऊन गेली. फाइल पुसता येईल. पण शिकलेलं वेगळं काढता येत नाही, कणकेत मिसळलेलं मीठ परत काढता येत नाही तसं.

इकबालने ते समजून घ्यायला वेळ घेतला. गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

“म्हणजे उद्या कुणी बाई अशीच पोट धरून आली,” तो म्हणाला, “तर ते यंत्र माझ्या यास्मीनकडे बघून तिला सांगणार, तुला काही झालेलं नाही?”

“हो,” मृण्मयी म्हणाली.

इकबाल उठला, गिऱ्हाइकाला बाटली दिली, आणि पाठमोराच उभा राहिला. शैलजा आणि मृण्मयी थोडा वेळ थांबून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजाने विभाग उघडला. पहिला रुग्ण मनगट मोडलेला होता. त्याचा फोटो तिने जसा आला तसा दिला. दुसरा पोटदुखीचा होता. समदर्शीने नऊ सेकंदांत त्याचा उभा फोटो दिला. शैलजाने कागदावर त्याच्या दोन प्रती काढल्या आणि दोन्हींवर जाड काळ्या पेनाने आडवं लिहिलं: ‘रुग्ण झोपलेला होता. त्याला उभं केलेलं नाही. हे चित्र मी काढलेलं नाही.’ खाली पूर्ण नाव, तारीख, वेळ. एक प्रत डॉ. उटगेंच्या टेबलावर ठेवली आणि एक रुग्णाच्या हातात देऊन त्याला सांगितलं की हे डॉक्टरांना वाचून दाखवा, ते न वाचता सोडत असतील तर उठू नका.

उटगेंनी ते वाचलं. खुर्ची मागे सारून उठले आणि रुग्णाला पलंगावर घेतलं.

दुपारपर्यंत असे सात कागद झाले. चार वाजता बिडकरांनी तिला बोलावलं. सरकारी अहवालावर स्वतःच्या मनाने लिहिणं हा शिस्तभंग आहे, हे उद्यापासून चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. शैलजा म्हणाली की समितीनेच आक्षेप लेखी द्यायची समज दिलीय, ती मी पाळतेय. लिहू नका असा हुकूम असेल तर तो तुम्ही लेखी द्या. बिडकरांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं, आणि पुन्हा बंद केलं. तो हुकूम त्या दिवशी निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

शुक्रवारी तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारच्या तालुक्यातल्या रुग्णालयाचा तंत्रज्ञ होता, आवाजावरून चाळिशीचा. तिच्या एका रुग्णाचे नातेवाईक कागद घेऊन त्याच्याकडे गेले होते. त्याच्याकडेही दोन वर्षांपासून समदर्शी आहे, तो म्हणाला, आणि मार्च महिन्यात त्याच्याकडेही एक जण दगावला होता, पोट कडक होतं, फोटो स्वच्छ होता. त्याने तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

“मॅडम, तुम्ही नेमकं काय लिहिता ते सांगता का? मला शब्द चुकवायचे नाहीत.”

शैलजाने सांगायला सुरुवात केली. एकेक शब्द सुटा, हळू, त्याला लिहून घेता यावं म्हणून.